'मशीन हेड' इतका जड का वाजतो आणि त्यातून तुमच्या बँडने काय घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड आणि एक गायक असा तुमचा पाच जणांचा हार्ड रॉक बँड आहे आणि पहिला अल्बम घरच्या घरी रेकॉर्ड करताय. गिटारचे सहा-सहा थर लावूनही आवाज पातळ आणि गढूळ येतो. उलट डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा अल्बम 'मशीन हेड' पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी एका बंद हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये रेकॉर्ड झाला, तरी तो छातीवर येतो. मग कोणतं उपकरण किंवा प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा प्रोग्रॅम) घ्यायचं? अल्बमची कोणती आवृत्ती समोर ठेवायची? आणि क्लिकवर, म्हणजे कानात चालू असलेल्या मेट्रोनोमच्या टकटकीवर, वाजवायचं की नाही?

उपकरणाचं आधी सांगून टाकतो: काहीही विकत घेऊ नका. त्या अल्बममधला जडपणा यंत्रांनी आणलेला नाही. कोणत्या वाद्याने कोणत्या सप्तकात थांबायचं आणि कुठे गप्प बसायचं हे त्या पाच जणांनी टेप फिरायच्या आत ठरवून टाकलं होतं. तुमच्या सहा थरांमध्ये नेमका हाच निर्णय झालेला दिसत नाही. बरीच वर्षं रेकॉर्डिंगच्या काचेमागे बसून बँड ऐकतोय. 'आवाज पातळ येतो' अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्या फाइलींमध्ये जवळजवळ नेहमीच वाद्यं कमी नसतात, जास्त असतात.

आता हॉटेल. ही गोष्ट किस्सा म्हणून सगळीकडे सांगितली जाते, पण त्यात रेकॉर्डिंगचा धडा आहे. १९७१ च्या शेवटी बँडमध्ये इयन गिलन (गायन), रिची ब्लॅकमोर (गिटार), जॉन लॉर्ड (ऑर्गन), रॉजर ग्लोव्हर (बेस) आणि इयन पेस (ड्रम) होते. स्टुडिओत आपला आवाज मरतो आणि स्टेजवर तोच पेटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी माँत्रोच्या कसिनोचं सभागृह त्यांनी ठरवलं. हिवाळ्यात ते बंदच राहणार होतं. रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग गाडी बाहेर उभी करायची, केबल आत न्यायच्या आणि मोकळ्या सभागृहात मैफिलीसारखं वाजवायचं, असा बेत होता. ४ डिसेंबरला तिथे हंगामातला शेवटचा कार्यक्रम होता अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन झाडली आणि अख्खी इमारत जळून खाक झाली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नोब्स यांनी आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढायला मदत केली, आणि नंतर या बेघर बँडला जागा शोधून दिली तीही त्यांनीच.

पहिली जागा होती पॅव्हिलियन नावाचं नाट्यगृह. तिथे एका रिफवरचा (रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) ट्रॅक वाजवत असताना शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. टेक, म्हणजे गाण्याचं एक सलग रेकॉर्डिंग, पूर्ण होईपर्यंत बँडची माणसं आतून दारं धरून उभी राहिली. त्या दाराआड टेपवर आलेलं संगीत म्हणजे 'स्मोक ऑन द वॉटर'. तेव्हा त्याला नावही नव्हतं, शब्दही नव्हते. नंतर त्यांना हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. कॉरिडॉरच्या टोकाशी वाद्यं मांडली, गाद्या उभ्या करून आडोसे केले आणि २१ डिसेंबरपर्यंत काम संपवलं. बाहेरच्या गाडीत इंजिनियर होता मार्टिन बर्च, ज्याने पुढे आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे अल्बम केले.

आता यातला तुमच्या कामाचा भाग. वाजवण्याच्या जागेपासून गाडीपर्यंत जायचं तर खोल्या, न्हाणीघरं, बाल्कन्या ओलांडून थंडीत बाहेर पडावं लागे. काही दिवसांनी कंटाळून त्यांनी प्रत्येक टेक ऐकायला जाणंच सोडलं. बर्चवर विश्वास ठेवायचा आणि वाजवत राहायचं. पाच माणसं एका जागी, एकमेकांकडे बघत, पडद्यावरची लहर न बघता वाजवतायत. अल्बममध्ये जी सलग ओढ ऐकू येते तिचं मोठं कारण हे आहे असं मला ठामपणे वाटतं. तुम्ही मात्र प्रत्येक चार मात्रांनंतर थांबून माउस हातात घेता. तुम्ही पाठवलेल्या प्रोजेक्टमध्ये एका कडव्यात गिटारचे चौदा तुकडे जोडलेले दिसले. जोड ऐकू येत नाहीत हे मान्य, पण हाताचा जोर प्रत्येक तुकड्यात वेगळा आहे, आणि तो फरक कानाला बरोबर कळतो.

आता मुख्य मुद्दा, 'स्मोक ऑन द वॉटर'चा तो रिफ. जगातला प्रत्येक नवा गिटारवादक तो वाजवतो आणि बहुतेक जण चुकीचा वाजवतात. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही वाद्यांच्या दुकानात तासभर थांबा, कुणीतरी तो जाड तारांवर पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पाचवा सूर यांची जोडी) धरून, पिकने खरवडत वाजवताना सापडेलच. ब्लॅकमोर तो चौथ्या सुराच्या अंतराने, दोन-दोन तारांवर आणि बोटांनी एकत्र छेडून वाजवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज-मध्यम भावाच्या जोड्या. 'जी'ला सा मानलं तर वरची ओळ होते: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. प्रत्येक सुराच्या खाली एक चौथा सूर, म्हणजे खालची ओळ मंद्र पंचमापासून सुरू होते. कोमल गंधार आणि दोन्ही मध्यम, एवढंच साहित्य.

पाचव्या सुराच्या जोडीऐवजी चौथ्याची जोडी का, ते कागदावर मांडून पाहा. पहिल्या जोडीत खालचा सूर आहे डी, सुमारे १४७ हर्ट्झ, आणि वरचा जी, १९६ हर्ट्झ. या दोन सुरांचं प्रमाण ३:४. दोन सूर एकाच वेळी आवाज विकृत (डिस्टॉर्ट) करणाऱ्या ॲम्पमधून गेले की त्यांच्या वारंवारितांच्या फरकाएवढा आणखी एक सूर तयार होतो. १९६ वजा १४७ म्हणजे ४९ हर्ट्झ. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीवरचा जी नेमका ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे गिटारच्या दोन तारा वाजतात आणि ॲम्प स्वतःहून दोन सप्तकं खालच्या सा ची चाहूल देतो. कान वरचा जी हाच मूळ सूर धरतो आणि खालून त्याला आधार मिळतो.

तुम्ही म्हणाल, जाड तारांवरच्या साध्या पॉवर कॉर्डमध्येही, म्हणजे ९८ हर्ट्झचा जी आणि १४७ चा डी, फरक ४९ च येतो. बरोबर. पण मग ९८ हर्ट्झवर गिटारची खरी तार वाजत राहते. त्याच जागेत बेसचा पहिला उपसूर असतो आणि किक ड्रमचं अंगही तिथेच असतं. चौथ्याच्या जोडीत गिटारची खरी तार १४७ हर्ट्झच्या खाली उतरतच नाही. खालचं अंगण मोकळं राहतं आणि तरी तिथे गिटार असल्याचा भास होतो. तुमच्या सहा थरांपैकी चार ९८ हर्ट्झच्या आसपास ठाण मांडून बसलेत. त्यांना इक्वलायझरने कापण्याआधी वेगळ्या जागी वाजवून बघा.

याच कारणाने ॲम्पचा गेन (आवाज किती विकृत करायचा ती पातळी) जास्त असताना तिसऱ्या सुराच्या अंतराची जोडी टाळतात. जी आणि बी फ्लॅट एकत्र विकृत केले तर फरकाचा सूर ३७ हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि तो जी नाही. एका जोडीपुरतं खपून जातं. पण तुम्ही कोरसमध्ये सहा तारांचे पूर्ण मायनर कॉर्ड फुल गेनवर वाजवलेत आणि त्यावर आणखी तीन प्रती चढवल्यात. तळातली जी खळखळ तुम्ही मल्टिबँड कंप्रेसरने (आवाजाचे वेगवेगळे पट्टे वेगवेगळे दाबणाऱ्या साधनाने) दाबायला बघताय, ती या जोड्यांनीच तयार केली आहे. कॉर्ड दोन सुरांचा करा, कंप्रेसरची गरज उरणार नाही.

गेनबद्दलही सांगतो. हेडफोन लावून 'स्मोक ऑन द वॉटर'ची पहिली ओळ एकटी ऐका. टोन आठवणीत असतो त्यापेक्षा बराच साफ आहे. सिंगल कॉइल पिकअपची स्ट्रॅटोकास्टर गिटार, तारेवरून बोट सुटल्याचा आवाज स्पष्ट, आणि जोड्यांच्या मधली शांतता खरोखरची शांतता. गेन वाढवला की कमी आणि जास्त जोराच्या आघातातला फरक पुसला जातो. मग रिफला धडक उरत नाही, नुसती एकसारखी भिंत उरते. सरावात ज्या जागी तुमचा नॉब असतो तिथून तो खाली आणत जा आणि रिफ उघडा पडल्यासारखा वाटून जरा संकोच वाटला की थांबा. रेकॉर्डिंगसाठी ती जागा योग्य. उरलेला जोर हाताने काढायचा.

मग भिंत कुठून येते? जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनमधून. गिटारने रिफ एकट्याने मांडल्यावर ड्रमरचं हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) येतं, आणि त्यासोबत तोच रिफ वाजवत ऑर्गन. लॉर्डने ऑर्गन नेहमीच्या फिरत्या लेस्ली स्पीकरपुरता ठेवला नाही. तो गिटारच्या मार्शल ॲम्पमध्ये घुसवला, त्यामुळे तो चर्चमधल्यासारखा गोड न राहता गुरगुरतो. 'लेझी'ची सुरुवात ऐका, ते ऑर्गनच आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही. 'स्पेस ट्रकिन'मध्ये तर गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे सुरू होतो हे वेगळं काढणं अवघड जातं. तुमचा कीबोर्डवाला कडव्यांमध्ये स्ट्रिंग्जचा लांब पॅड धरून बसतो, म्हणजे ड्रमच्या प्रत्येक मोकळ्या जागेत साखरेचा पाक ओततो. त्याला सांगा: ऑर्गनचा साधा आवाज निवड, फिरता परिणाम बंद कर, आवाज कॉम्प्युटरमधून काढून खऱ्या गिटार ॲम्पमध्ये घाल, समोर माइक लाव आणि गिटारच्या जोडीने रिफ वाजव. कॉम्प्युटरमधला आवाज ॲम्पला जोडणारा रीॲम्प बॉक्स भाड्याने मिळतो. एक खरा गिटार आणि एक चिडलेला ऑर्गन यांचे उपसूर वेगळे असतात, म्हणून ते एकमेकांवर चढतात तरी एकमेकांना खात नाहीत. एकाच गिटारच्या सहा प्रतींचे उपसूर सारखे असतात. आघातांमध्ये १५-२० मिलिसेकंदांचा फरक पडला की एकमेकांची धार बोथट करतात.

बेसकडे लक्ष द्या. ग्लोव्हर त्या रिफखाली रिफ वाजवत नाही. तो मुख्यतः जी धरून आठव्या मात्रांची धडधड चालू ठेवतो. वर सूर हलतात, खाली सा स्थिर. तानपुऱ्यासोबत वाढलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागू नये, तरी आपल्याकडचे नव्वद टक्के रॉक बेसवादक गिटारचा रिफ जसाच्या तसा एक सप्तक खाली वाजवतात. कधीकधी तेही हवं असतं, 'मेबी आय'म अ लिओ'त सगळ्यांनी एकत्र चालण्यातच मजा आहे. तो रिफ पहिल्या मात्रेवर सुरूच होत नाही, आणि पेस मागे रेलून वाजवतो. पण प्रत्येक गाण्यात तेच केलंत तर कानाला तळ सापडत नाही. तुमच्या तिसऱ्या गाण्यात बेसने फक्त मूळ सूर धरावा. एकदा करून बघा.

पेसबद्दल मी तासभर बोलू शकतो. डावखुरा माणूस, हात जॅझचा, आणि रॉक वाजवताना तो कधीही मजूर होत नाही. 'पिक्चर्स ऑफ होम'च्या सुरुवातीचा ड्रमचा फेरा घ्या. जोर खूप असला तरी एकही ठोका दाबून टाकलेला नाही, प्रत्येकाला शेपूट आहे. 'स्मोक'मध्ये हाय-हॅटवरचे सोळावे ठोके एकसारखे नाहीत, त्यांना उतार-चढाव आहे. तुमच्या ड्रमरचे ठोके रेकॉर्डिंगनंतर संगणकाच्या तालाच्या ग्रिडवर बसवलेत आणि वर तयार ठोक्यांच्या नमुन्यांचा (सॅम्पल्सचा) थर चढवलात. तो ड्रमर चांगला आहे हे कच्च्या फाइलमध्ये ऐकलं मी. त्याला त्याचा हात परत द्या.

'पिक्चर्स ऑफ होम' हे माझ्या मते या अल्बमचं सर्वोत्तम गाणं, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. रिफची कल्पना ब्लॅकमोरला रेडिओवर शॉर्टवेव्हला पूर्वेकडचं कुठलंसं संगीत ऐकून सुचली असं त्याने सांगितलंय, आणि चालीत ते जाणवतं. डोंगरात अडकलेल्या माणसाची एकटी घालमेल शब्दांत आहे. बाहेर बर्फ, आत रिकामं हॉटेल, हे बघता ते आलं यात नवल नाही. गाणं संपल्यासारखं वाटतं आणि पुन्हा उठतं. मध्ये ग्लोव्हरचा छोटा बेस सोलो आहे, तो सुरू होताना बाकीचे कसे मागे सरतात ते ऐका. मिक्सरवरचे फेडर (आवाजाची पातळी बदलणाऱ्या पट्ट्या) खाली ओढलेले नाहीत, माणसांनीच हात हलका केलाय.

सोलोच्या तयारीबद्दल तुमच्या गिटारवादकाने विचारलं होतं की प्रेरणेवर सोडावं की आधी बसवावं. 'हायवे स्टार'चा सोलो आधी बसवलेला आहे, सूर-न्-सूर. डी मायनर, जी मायनर, सी, ए या बाखच्या वळणाच्या क्रमावर तो रचलाय आणि त्याला गिटारचा दुसरा आवाजही जोडलाय. असं पूर्वनियोजित काम ब्लॅकमोरसाठी अपवाद होतं, इतर ठिकाणी तो ऐनवेळी वाजवे. म्हणजे उत्तर गाण्यावर अवलंबून आहे. ज्या गाण्याला वेग आणि सरळ रस्ता आहे तिथे बसवा, 'लेझी'सारख्या रेंगाळत्या ब्लूजमध्ये मोकळं सोडा. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. 'हायवे स्टार' सप्टेंबर १९७१ पासून स्टेजवर वाजत होतं. पोर्ट्समथला कार्यक्रमासाठी जाताना बसमध्ये एका पत्रकाराने तुम्ही गाणी कशी लिहिता असं विचारलं आणि ब्लॅकमोरने तिथेच एक सूर धरून वाजवायला सुरुवात केली. माँत्रोला पोहोचेपर्यंत ते गाणं लोकांसमोर घासून पक्कं झालेलं होतं. तुमच्या आठपैकी किती गाणी तुम्ही कुणासमोर वाजवलीत? निदान तीन तरी कॉलेजच्या महोत्सवात किंवा कुणाच्या गच्चीवर वाजवा, मग रेकॉर्ड करा. श्रोते कुठे कंटाळतात ते तिथे पहिल्याच वेळी कळतं.

सगळंच या अल्बममध्ये उत्तम आहे असं माझं म्हणणं नाही. 'नेव्हर बिफोर' हे सिंगल म्हणून निवडलेलं गाणं मला सात गाण्यांत कमजोर वाटतं. नीटनेटकं आहे, पण बँडच्या ताकदीच्या निम्म्यावर चालतं. ब्रिटनमध्ये ते ३५ व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. त्याच सत्रात झालेलं 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे विलक्षण संथ गाणं मात्र त्या सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं, अल्बममध्ये घेतलंच नाही. ते ब्लॅकमोरला आवडत नसे. माझ्या हातात असतं तर मी अदलाबदल केली असती. गिलन किंचाळतो म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. दबक्या आवाजात तो काय करतो ते त्या गाण्यात आहे.

'स्मोक ऑन द वॉटर'कडे स्वतः बँडने सुरुवातीला लक्षच दिलं नव्हतं. आगीनंतर एक-दोन दिवसांत ग्लोव्हर झोपेतून उठताना ते शब्द पुटपुटला, गिलनबरोबर त्यावर घडलेली हकिगत लिहिली गेली. अल्बमची लांबी कमी पडतेय असं लक्षात आल्यावर पॅव्हिलियनमधला तो बाजूला पडलेला ट्रॅक काढून त्यावर गायन चढवलं. मार्च १९७२ मध्ये अल्बम आला, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत हे गाणं सिंगल म्हणून यायला मे १९७३ उजाडला, आणि तिथे ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. तुमच्या फोल्डरमध्ये 'रिफ जुना' नावाची जी फाइल आहे ती मला तुमच्या सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त आवडली. तिला शब्द लिहा.

आता जागेचं. घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ड्रम रेकॉर्ड करू नका. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेत ते काढून टाका, ते खालच्या सुरांचं काहीही शोषत नाहीत. १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, पुठ्ठ्याला ती जुमानत नाही. तुमच्या गावात लग्नसराई संपल्यावर मंगल कार्यालयं रिकामी पडतात, सुट्टीत शाळेचे व्हरांडे मोकळे असतात. दोन दिवसांसाठी मागा. ड्रम व्हरांड्याच्या एका टोकाला, भिंतीला चिकटून नको. घरातल्या कापसाच्या जाड गाद्या गोळा करून ड्रम आणि गिटार ॲम्पच्या मध्ये उभ्या करा. खालचा आवाज त्या थांबवणार नाहीत, पण झांजांची किनार गिटारच्या माइकमध्ये शिरणं बरंच कमी होईल. जे काही शिरेल त्याला घाबरू नका. गिटारचा माइक ॲम्पपासून जेवढा, त्याच्या निदान तिप्पट अंतर ड्रमपर्यंत ठेवा म्हणजे फेजची भांडणं (एकच आवाज दोन माइकांत वेगवेगळ्या वेळी पोहोचून एकमेकांना खोडणं) आटोक्यात राहतात. थोडी गळती हवीच, सगळे एका जागेत आहेत हे तिच्यामुळेच कळतं. ड्रमला किक, स्नेअर आणि वरून दोन, असे चार माइक पुरे. पाचवा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि मिक्समध्ये चवीपुरता घ्या. रात्री दहाच्या आत संपवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, दार धरून ठेवायची वेळ येऊ नये. गायन नंतर घरी करा, ते एकट्याने केलेलं चालतं.

ट्रॅकची मर्यादा घालून घ्या. त्या गाडीत १६ ट्रॅक होते, तेवढेच तुम्हीही ठेवा. ड्रमला पाच, बेसला एक, रिफच्या गिटारला एक, ऑर्गनला एक, सोलोला एक, मुख्य आवाजाला एक आणि त्याच्या जोडीला आणखी दोन धरले तरी चार उरतात. सतराव्याची गरज वाटली तर सोळांपैकी एक काढा. तुमच्या पहिल्या गाण्यात सध्या एकाहत्तर आहेत.

कोणती आवृत्ती ऐकावी? अभ्यासासाठी मूळ १९७२ चं मिक्स, आणि त्याचं शक्य तितकं कमी दाबलेलं मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात). हल्लीच्या जोरकस मास्टरमध्ये रिफच्या मधल्या शांततेत खोलीचा आवाज वर येतो आणि आघात खाली बसतो, म्हणजे जे शिकायचं तेच जातं. त्यानंतर १९९७ च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीतलं रॉजर ग्लोव्हरने स्वतः केलेलं मिक्स ऐका. वाद्यं जास्त सुटी ऐकू येतात, मूळ मिक्समध्ये झाकलेले तपशील उघडे पडतात, शिकणाऱ्याला ते फार उपयोगी. २०२४ मध्ये ड्वीझिल झापाने नवं मिक्स केलं. ज्याच्या कार्यक्रमात कसिनो जळला त्याचा हा मुलगा. ते आजच्या कानाला भरीव वाटेल, पण ते शेवटी ऐका, नाहीतर तुम्ही त्याच्या आकाराच्या मागे धावाल. आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोला रेकॉर्ड झालेला 'मेड इन जपान' सोबत ठेवाच. इंजिनियर तोच, बर्च, आणि हीच गाणी आठ महिन्यांनी माणसांनी कुठवर नेली ते कळतं. 'हायवे स्टार'चे दोन्ही अवतार एकापाठोपाठ ऐका.

क्लिकबद्दल. तेव्हाच्या रॉक बँडांमध्ये क्लिक लावून वाजवण्याची पद्धत फारशी नव्हती. 'स्पेस ट्रकिन'वर पाय ठेका धरतो तेव्हा घड्याळाचा नाही, पेसचा धरतो. तुमचा ड्रमर स्थिर आहे. मोजून द्यायला चार ठोके क्लिक ऐकवा आणि मग बंद करा. कोरसला दोन-तीन बीपीएमने (मिनिटातल्या ठोक्यांनी) वेग वाढला तर वाढू द्या. पुढच्या कडव्यात तो परत खाली आला नाही तर मात्र तो टेक टाकून द्या आणि पुन्हा वाजवा, संगणकावर सुधारत बसू नका. प्रत्येक गाण्याचे तीन टेक घ्या, मधल्या वेळेत ऐकू नका. चहा झाल्यावर तिन्ही सलग ऐका. निवडताना पडदा बंद ठेवा.

'रिफ जुना'चे तीन टेक झाले की कच्चेच पाठवा, काही न लावता. मिक्स करण्याआधी मला त्यातला बेस ऐकायचाय.